नळाला बांधलेली चिंधी

आमच्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तुंबलेल्या पाइपात ॲसिड ओतलं की वरच्या नळाला लाल चिंधी बांधतात. ती दिसली की पाइपला कुणी हात लावत नाही.

आज शंकर प्लंबर चिंधी बांधत होता. ॲसिडने भाजलेली उजव्या हाताची बोटं वळत नाहीत, म्हणून एक टोक त्याने दातात धरलं होतं.

"साहेब, बघताय काय? गाठीवर बोट ठेवा," तो दातांतूनच हसला. "त्या दिवशी मीच आंधळा. चिंधी असणारच, मला दिसली नसेल."

चिंधी नव्हती. ॲसिड मी ओतलं होतं आणि जेवून आल्यावर बांधू म्हणून चिंधी खिशात घालून गेलो होतो. तेवढ्यात शंकरने पाइप खोलला. दोन वर्षं झाली. आपली चूक दुसरा हसत स्वतःच्या माथी घेतो, तेव्हा सुटल्यासारखं वाटत नाही. नुसता थकवा येतो, झोपूनही न जाणारा.

मी गाठीवर बोट ठेवलं.

"शंकर, त्या दिवशी चिंधी माझ्या खिशात होती."

त्याच्या दातातलं टोक सुटलं. मग माझं बोट बाजूला सारून त्याने एकट्यानेच पुन्हा गाठ घालायला घेतली.