एसीची मागची बाजू

गयाबाईची खाट एसीच्या ढुंगणाशी होती. नाकं मुरडू नका, जे आहे ते आहे. बदलापूरला बेलवलीत तिच्या मुलाचा, आकाशचा फ्लॅट. बेडरूमच्या खिडकीत एसी, आणि खिडकीपलीकडे काचा लावून बंद केलेली गॅलरी. आत आकाश आणि सून भावना यांना गार वारा, बाहेर गॅलरीत गरम झोत. त्या झोताखाली म्हातारी.

फ्लॅट घेताना आकाश म्हणाला होता, "आई, तुला हक्काची खोली देतो." त्या एका शब्दावर तिने अंबरनाथचं घर विकायला सही केली. नवऱ्याने, भीमरावने, कारखान्यात हाडं झिजवून बांधलेलं घर ते. घर गेलं आणि हक्काची खोली निघाली गॅलरी! गरज सरो, वैद्य मरो. पण बाई ब्र काढायची नाही, कारण सून येता-जाता ऐकवायची, "इथं जमत नसेल तर गोदूमावशींकडे जाऊन राहा." गोदू म्हणजे गयाबाईची धाकटी बहीण. तिचाच संसार जावयाच्या ओसरीवर. तिथे ही कुठल्या तोंडाने जाणार? मरेपर्यंत मुलाच्या दारात राहायचं, एवढीच बिचारीची धडपड.

यंदा उन्हाळा असा पेटला की विचारू नका. "आकाश, एक काच तरी उघड रे बाबा," ती म्हणायची. "कबुतरं घाण करतात, आई," की संपलं. काचा त्याने स्क्रू मारून पक्क्या केल्या होत्या. शेवटी तिने स्वतःच अक्कल लढवली. भीमरावच्या खाकी शर्टांची शिवलेली जाड गोधडी तिने एसीच्या मागच्या जाळीवर बांधली. झोत अडला. गार वारा तर पुढून येतो, मग मागे पांघरूण घातलं म्हणून मशीनचं काय बिघडतंय, असा तिचा साधा हिशोब. कित्येक दिवसांनी तिचा डोळा लागला.

आणि आत एसी गार करेना!

घरात रोज तमाशा. "उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून सेकंडहँड उचलून आणलात, भोगा आता!" भावना नवऱ्यावर तडकायची. आकाशने फिल्टर धुतला, पंख्याचा स्पीड वाढवला, काही उपयोग नाही. मग उल्हासनगरहून महेश मेकॅनिक आला. आता गयाबाईची जन्माची शिस्त अशी, की घरात परका माणूस आला की आधी फाटकी गोधडी आवरायची. लोकांना चिंध्या काय दाखवायच्या? बेल वाजली तशी तिने गोधडी सोडून खाटेखाली सारली. महेशने गॅस भरला, मशीन धाडधाड गार करू लागलं. "बघा साहेब, गॅसच कमी होता," म्हणून तो ऐटीत गेला. त्याची पाठ वळली, गोधडी पुन्हा जाळीवर. रात्री एसी पुन्हा ढिम्म.

दुसऱ्या खेपेला महेश न सांगता टपकला तेव्हा गयाबाई आंघोळीला गेली होती. ओल्या केसांनी बाहेर येते तर गॅलरीत तिघं उभे आणि महेशच्या हातात गोधडी.

"मावशी, ये क्या किया? मशीनचा जीव कोंडला ना! गरम हवा मागून निघालीच पाहिजे."

"मला भाजत होतं रे, बाबा," ती म्हणाली.

"आई, लाज वाटते का काही?" आकाश ओरडला. "आम्ही आत शिजतोय आणि तू मुद्दाम..."

"मुद्दाम नाही रे, लेकरा. मला काय ठाऊक?"

कोण ऐकतो! महेशने बजावलं, "साहेब, बंद गॅलरी चालणारच नाही. काचा काढा, मागे सामान ठेवू नका, नाहीतर कॉम्प्रेसर उडेल." मशीनला हवा पाहिजे म्हटल्यावर बघा, ज्या काचा आईसाठी हलत नव्हत्या त्या आकाशने संध्याकाळच्या आत उतरवल्या. गॅलरीत वारा शिरला. गयाबाईचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! "बरं झालं ग बाई," ती खाटेवर बसत म्हणाली, "देव पावला मशीनच्या रूपाने."

"ऊठ आई," आकाश म्हणाला. "खाट काढायची आहे."

"कुठे लावतोस?"

"मागे काही ठेवायचं नाही म्हणालाय तो. हॉलमध्ये जागा कुठे आहे? थोडे दिवस मावशीकडे राहा."

"थोडे म्हणजे किती रे?"

"बघू," म्हणत त्याने खाट उभी केली.

सकाळी तिने लुगडी पिशवीत भरली आणि वर ठेवायला गोधडीची घडी घातली. तेवढ्यात बेडरूममधून भावना आली.

"आई, ती गोधडी राहू द्या. आता एसी इतका गार करतो, रात्री पांघरायला काहीतरी लागतंच."

गयाबाईने आकाशकडे पाहिलं. तो रिक्षाला फोन लावत होता. मग ती गोधडी घेऊन आत गेली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या पलंगावर अंथरून आली. आत असताना तिच्या अंगावर काटा आला. त्या खोलीतला गार वारा तिला पहिल्यांदाच लागत होता.