प्रोसेसर नाजूक असतो

आमच्या साडूंइतका संशयी माणूस मंडणगडपासून राजापूरपर्यंत दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर तो स्वतःचं नाव सांगायला तयार होणार नाही. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. पारड्याखाली चिकटवलेला चिंचेचा गोळा, आतून पोकळ केलेलं किलोचं वजन, तळ ठोकून वर आणलेलं लिटरचं माप, हे पाहून पाहून त्यांची नजर अशी झाली होती की लग्नात अक्षता हातात आल्या तरी ते आधी मूठ वरखाली करून अंदाज घेत. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, नजर सुटली नाही. नवी काडेपेटी आणली की काड्या मोजायच्या. आंब्याची पेटी घरच्या कलमांची, स्वतः भरलेली असली तरी दुसऱ्या दिवशी खालचा थर उपसून बघायचा. आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, हे तर माझ्याविरुद्धचं कायमचं कलम. त्यांचा एकुलता मुलगा मंदार मस्कतला होता. त्याचा फोन आला की साडू हवापाण्यापलीकडे शब्द बोलत नसत.

"तुमची माणसं ऐकतात," ते मला म्हणत.

"अहो भाऊ, आम्हाला आमचेच फोन धड ऐकू येत नाहीत!"

"ते तुम्ही म्हणणारच."

अशा माणसाच्या आयुष्यात लिनक्स आलं ते मंदारमुळेच. जाण्याआधी तो बापाला सांगून गेला होता की कॉम्प्युटर चालवणाऱ्या ह्या लिनक्स प्रणालीचा आतला सगळा कोड उघडा असतो, ज्याला शंका असेल त्याने वाचून बघावा. साडूंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ते कमालीचे खूश झाले. "जो दुकानदार गोणी उलटी करून दाखवतो," ते म्हणाले, "त्याच्याकडे माल घ्यायला हरकत नाही." मग कुठेसं त्यांनी वाचलं की टीव्हीला जोडून खेळायच्या परदेशी व्हिडिओ गेमच्या खोक्यांत अस्सल प्रोसेसर असतो आणि त्यावर लिनक्स चालवता येतं. खेळण्याच्या किमतीत अख्खा कॉम्प्युटर! दुसरा कोणी आनंदला असता. साडू गंभीर झाले. "कमी वजन देणारे मी पुष्कळ पकडले. जास्त वजन देणारा पहिल्यांदा बघतोय. छापा आधी ह्याच्यावर घातला पाहिजे."

ही दोन हजार दोन-तीन सालची गोष्ट. रत्नागिरीत माळनाक्यावर एक सायबर कॅफे होता, तिथे साडू रोज तासभर जाऊ लागले, छत्री घेऊन. छत्री पावसासाठी नव्हे. ती खुर्चीच्या पाठीला अडकवून उघडायची, म्हणजे मागून जाणाऱ्याला पडदा दिसू नये. कॅफेवाला बिचारा मला एकदा रस्त्यात गाठून म्हणाला, "काका, तुमचे पाव्हणे नक्की काय बघतात वो? माझ्याकडं इतकं लपवून कॉलेजची पोरंपण बघत नाहीत." मी त्याला सांगितलं, मेगाहर्ट्झ बघतात. त्याचा विश्वास बसला नाही. माझाही बसला नसता.

एका फुलस्केप वहीत त्यांनी उभी रेघ मारून डावीकडे जपानी खोकं आणि उजवीकडे अमेरिकन खोकं घेतलं होतं. मेगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांचा वेग; जपानी तीनशे मेगाहर्ट्झच्या आतलं, अमेरिकन सातशेच्या वरचं. मी आपला पटकन म्हणालो, "मग प्रश्नच मिटला. सातशे घ्या." साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्याच खिशात पोकळ वजन सापडलंय. "मेगाहर्ट्झवर शिक्का कोणाचा?" त्यांनी विचारलं. दोन्ही प्रोसेसर वेगळ्या घराण्याचे; जपान्याचा एक ठोका म्हणजे किती काम आणि अमेरिकनाचा एक ठोका म्हणजे किती, हे एका तराजूत घातल्याशिवाय कसं कळणार? मंदारने मला पुढे सांगितलं की हा मुद्दा अगदी शास्त्रशुद्ध होता. त्या वेळी मात्र मी "हं" म्हणून चहा प्यालो. लिनक्सच्या बाबतीत तर दोघेही संशयित. जपानी कंपनी लिनक्सचा संच स्वतःच विकत होती, कीबोर्डसकट. "स्वतःहून कपाट उघडून दाखवतोय. म्हणजे माल दुसऱ्या कपाटात आहे." अमेरिकन कंपनीने खोक्याला कुलूपच घातलेलं; लोक एका खेळाच्या साठवलेल्या फाइलीतून चोरवाट काढून आत लिनक्स घुसवत. "कुलूप घातलंय. म्हणजे माल आहे. पण मग कुलूप इतकं लेचंपेचं कसं?" वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी निकाल एकच असे: 'संशयास्पद. फेरतपासणी.'

इकडे मंदारला मस्कतला जाऊन तीन गणपती होऊन गेले होते. दर वर्षी येतो म्हणायचा आणि दर वर्षी रजेचं काहीतरी निघायचं. माझी मेव्हणी, म्हणजे साडूंची बायको, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, ती मोदक करताना एकवीसच्या वर पाच जास्त करायची आणि कोणासाठी ते सांगायची नाही. साडू त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. ते आपले प्रोसेसरवर. त्यामुळे मला त्यांचा राग येई. मुलगा तीन वर्षं दिसला नाही आणि बाप ठोके मोजतोय.

मंदारने फोनवर सांगितलं, दाभोळचा एक जोडीदार सुट्टीवर निघालाय, त्याच्याबरोबर जपानी खोकं पाठवतो. साडूंनी ताबडतोब जपानी प्रोसेसरमध्ये खोट काढली आणि नको म्हणाले. सहा महिन्यांनी राजिवड्याचे हसनभाई मस्कतहून यायला निघाले; ते साडूंचे जुने स्नेही, त्यांच्याच दुकानातला तराजू साडूंनी एके काळी तीनदा उघडला होता आणि तिन्ही वेळा खरा निघाला होता. मंदार त्यांच्याकडे अमेरिकन खोकं द्यायला तयार झाला. पुन्हा नको! हसनभाई परत आल्यावर घरी येऊन तणतणले. "भाऊ, पोर माझ्या हातात देत होता नि तुमी नको बोलता? माझ्या बॅगेत काय आग हाय काय?"

"तसं नाही हसन. प्रोसेसर नाजूक असतो. ज्याने घेतला त्यानेच आणावा."

"अरे, मी काचेचं झुंबर आणलंय बहिणीला, एक लोलक फुटला नाय!"

"झुंबराला मेगाहर्ट्झ नसतात," साडू म्हणाले, आणि ताईला चहा टाकायला सांगितलं.

शेवटी मीच वैतागून म्हणालो, भाऊ, तुमचा माणसांवर विश्वास नाही, निदान देवावर ठेवा, कौल लावा. आमच्याकडे कुठलंही अडलेलं काम शेवटी ग्रामदेवतेपाशी जातं. गुरव मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न मांडतो, आणि उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठे खणावी, स्थळ घ्यावं की नाही, सगळं असंच ठरतं. दोन प्रोसेसरांचा निवाडा देवीपुढे प्रथमच जात असावा. आम्ही गावी गेलो. साडूंनी आधी पाकळ्या मोजल्या, मग त्या दोन्ही बाजूंना सारख्याच ओल्या आहेत ना ते बोट लावून पाहिलं. गुरवाने सहन केलं. पण प्रश्न काय घालू म्हणताच साडू म्हणाले, "प्रश्न मनात आहे."

"मनात ठेवून कसा चालंल, भाऊ? मग देवीनं काय अंदाजानं सांगायचा?"

"तिला कळतंय. तुम्हाला कळलं की गावाला कळेल."

त्यांनी डोळे मिटले. मी मात्र उघडे ठेवले, कारण अमेरिकन वहीत उजवीकडे होता आणि माझी सहानुभूती सातशेकडे होती. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पाकळी टपकन खाली आली. मी "अमेरिका!" असं जवळजवळ ओरडलोच. साडूंनी डोळे उघडले, पाकळी उचलून रुमालात बांधली, आणि परतीच्या एसटीत रत्नागिरीपर्यंत एकाही गोष्टीवर संशय घेतला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्या गणपतीला मंदार आला. अमेरिकन खोकं काखेत मारून, दाढी वाढलेला, बापापेक्षा बोटभर उंच वाटणारा. ताईने त्याला दारातच धरून ठेवलं. साडूंनी खोकं हातात घेतलं, ते वरखाली करून वजनाचा अंदाज घेतील याची मी वाट पाहत होतो, तर त्यांनी ते तसंच माळ्यावर टाकलं! काड्या मोजणारा माणूस. खोक्याची चिकटपट्टीही नखाने उचकटून पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बरोबर घेऊन ते गावी नारळ फोडायला निघाले.

"अहो, पण खोकं उघडलंत कुठे?" मी एसटीत विचारलं. "आत सातशेचा आहे की विटेचा तुकडा आहे, बघितल्याशिवाय कौल खरा ठरला कशावरून?"

साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ठरला." आणि रुमाल काढून उगाच चष्मा पुसला. रुमालाच्या गाठीत ती वाळलेली पाकळी अजून होती.

मंदारने जाण्याआधी चोरवाटेने लिनक्स घालून दिलं. टीव्हीवर पांढरी अक्षरं सरसर वर गेली, साडू त्यांच्याकडे बोट दाखवून प्रत्येकाचा अर्थ विचारत राहिले, आणि मंदार तीन दिवस सांगत राहिला. तो गेल्यावर ताईने त्या खोक्यावर विणलेला रुमाल घातला. तो पुढे कोणी काढल्याचं मला माहीत नाही.

तीन-चार वर्षांनी साडूंनी नवी वही घेतली. जपान्याचं पुढचं खोकं येत होतं. त्याच्या प्रोसेसरला म्हणे एका मुख्य डोक्याच्या हाताखाली अनेक लहान डोकी, आणि लिनक्स घालायला कंपनीचीच परवानगी. "मला दाट संशय आहे," साडू म्हणाले. "मंदारला सांगितलंय, कोणाबरोबर पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये."

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमची लेक तेव्हा नोकरीला पुण्यात होती. तिचा जुना प्रिंटर ती मला कुरियरने पाठवणार होती आणि त्याच सकाळी मी तिला फोनवर म्हणालो होतो की राहू दे, शाई सांडते, सवडीने तूच घेऊन ये.