बांधीत पानी किती पायजे?

सन दोन हजार पंचवीस, माझं वय शहात्तर. सकाळी ओट्यावर बसून थर्मासात चहा ओतून राहिलो होतो, तेवढ्यात सून फोन हातात घेऊनच बाहेर आली आणि माझ्यासमोर खाली बसली. तिचे वडील गेले होते. म्हणजे माझे इवाई, दयारामजी. तिकडे पुण्याला व्याही म्हणतात, आमच्याकडे इवाई. रात्री जेवले, झोपले, सकाळी उठले नाहीत... इतकंच. थर्मासाचं झाकण माझ्या हातातच राहिलं. सून रडत होती आणि मला आठवलं ते हे, की या माणसाची एक पैज माझ्यावर बाकी राहिली. आता महिना होऊन गेला. लोक म्हणतात, दोन शब्द गोड लिहा. मी चौथी शिकलेला माणूस, गोड लिहायची मला सवय नाही आणि इवाईला गोड चालतही नव्हतं. हा माणूस जिंकून गेला, तेवढंच मला सांगायचं आहे.

आमची दोघांची नात प्राची. नागपूरला एका कॉफीच्या दुकानात काही वर्षं कामाला होती. तिथून एक मोठी मशीन घेऊन परत आली आणि कोहमाऱ्याच्या फाट्यावर, ढाब्यांच्या ओळीत, तिनं स्वतःचं दुकान टाकलं. फाट्यावर दिवसभर ट्रक थांबतात, गोंदियाकडे जाणारी माणसं बस बदलतात, गर्दीला कमी नाही. माझ्या पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक, नाही तर मशीन विकायची आणि परत नागपूरला नोकरीवर जायचं. मी म्हटलं, चहा ठेव. ती म्हणाली, "आबा, चहा बाजूच्या ढाब्यावर मिळते. मी कॉफीच विकीन." मग मीही सांगितलं, तुझ्या दुकानात माझ्या तोंडाला कप लागणार नाही. जिद्द तिला माझीच आली आहे, त्यामुळे कोणी मागे हटलं नाही. मी रोज घरून थर्मास भरून न्यायचो आणि तिच्याच दुकानात बसून चहा प्यायचो.

इवाईही रोज यायचे. त्यांचं गाव फाट्याला लागूनच. दाराशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक त्यांची, एक माझी. पोरांच्या लग्नात माझी वरात उशिरा आली, हे ते मला इतक्या वर्षांनी ऐकवायचे, आणि मी त्यांना त्यांच्या पंगतीतली कच्ची वांगी आठवून द्यायचो. भांडण आमचं रोजचं होतं आणि दोघांचीही तब्येत त्यावर बरी राहायची.

पण दुकान चालेना. बसमधून माणसं उतरायची, कॉफीच्या नावांच्या फळ्यासमोर उभी राहायची, ओठ हलवत वाचायची आणि मुकाट्यानं ढाब्याकडे निघून जायची. एस्प्रेसो वाचून एक म्हातारा बाकावर बसून राहिला, किती वेळानं प्राचीला म्हणतो, बाई, ही एक्सप्रेस कोणत्या बाजूनं येते? एका बाईनं लाटे वाचलं आणि पोळ्या कोण लाटते म्हणून आत डोकावली. एकानं धाडस करून एस्प्रेसो मागितली, तो इवलासा कप एका घोटात संपवला आणि परत पुढे केला. चव बरी आहे, म्हणाला, आता भरून दे. मी हसायचो. प्राची मात्र पुसलेली मशीन पुन्हा पुसत बसायची. मी तिला म्हणायचो, सांगलो होतो ना. त्यावर इवाई माझ्याकडे असे पाहायचे की मी थर्मासात तोंड घालायचो...

मग इवाईंनी एक काम सुरू केलं. फळ्यावरचं पहिलं नाव आज, त्याच्या खालचं उद्या, असं करत ते एकेक पिऊ लागले. साखर नाही. प्यायचे, डोळे मिटायचे आणि नातीला विचारायचे की हिच्यात काय जास्त आणि काय कमी. ती सांगायची, नाना, कॉफी तीच, कशात दूध नाही, कशात थोडं, कशात जास्त, आणि मधल्या कापुचिनोवर फेस. सगळी नावं पिऊन झाली त्या दिवशी ते खुर्चीत सरळ होऊन बसले.

"म्हंजे बांधी एकच, पानी कमीजास्त. मंग तसं सांग ना वो. काऊन लोकायले भेव दाखवून राहिली?"

आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात, आणि बांधीत पाणी किती ठेवायचं हे इथल्या लहान पोरालाही कळते. एस्प्रेसो म्हणजे कोरी. कापुचिनो घोटाभर, म्हणजे पायाच्या घोट्याइतकी. लाटे टोंगळाभर, म्हणजे गुडघ्याइतकी. प्राची कानावर हात ठेवून म्हणाली, नाना, असं काही फळ्यावर लिहिणार नाही, लोक हसतील. इवाई म्हणाले, हासता हासता तरी मांगतील.

आणि वाट न पाहता त्यांनी दुसऱ्या बसच्या माणसाला धरलं. डोक्याला दुपट्टा बांधलेला शेतकरी, फळा वाचून परत फिरून राहिला होता.

"काऊन जी, वाचूनच पोट भरते का?"

"समजत नाही ना जी."

"बांधीत पानी किती पायजे, तेवढं सांगा. पानी म्हंजे दूध समजा."

तो माणूस हसला नाही. आपल्याच शेतात उभा असल्यासारखा त्यानं विचार केला आणि म्हणाला, "रोवणा झाला का?" रोवणा म्हणजे धानाची लावणी.

"आत्ताच झाला."

"मंग घोटाभर द्या."

आत प्राची इतकी हसली की तिच्या हातून दूध सांडलं. त्या माणसानं शांतपणे बसून कप संपवला, मिशीचा फेस पुसला, आणि पुढच्या बाजाराला भावाला घेऊन आला. भावाला टोंगळाभर आवडली. त्यावरून त्या दोघांचं तिथंच वाजलं.

त्यानंतर प्राचीनं स्वतः खडू घेतला आणि प्रत्येक नावाखाली नानांचा शब्द लिहिला. बसचा कंडक्टर खिडकीतूनच घोटाभर म्हणून ओरडायचा. ट्रकवाले खाली उतरताच पायाला बोट लावून दाखवायचे, घोट्याला की टोंगळ्याला. एकदा रायपूरच्या गाडीतली एक मॅडम विचारू लागली की ये टोंगळाभर क्या होता है, तर इवाई म्हणाले, मॅडम, घुटने तक दूध. मॅडम दोन पावलं मागे सरल्या, मग हसल्या, आणि तीच प्याल्या. दिवाळीच्या तोंडावर माझा पोरगा दुकानाचा निकाल लावायला आला. त्याला बसायला जागा मिळाली नाही. कोणाला त्याच्याशी बोलायला वेळ नव्हता. प्राचीनं त्याच्या हातात ट्रे दिला आणि तो संध्याकाळपर्यंत कप धूत राहिला. इवाई खुर्चीतून त्याला सांगत होते, जावई, कानाकोपऱ्यातून धुवा... सासऱ्याला इतकं खूश मी पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

स्वतःसाठी त्यांनी सगळ्या पिऊन कोरी निवडली आणि शेवटपर्यंत तीच प्याले. माझा थर्मास मात्र त्यांना खुपत राहिला. मलाही ते इवाईच म्हणायचे, एकदा म्हणाले,

"इवाई, तुमी एक दिवस आपल्या तोंडानं मांगसान."

"मी? कधीच नाही."

"मांगसान. अन् मांगसान तं घोटाभरच मांगसान. कोरी तुमच्यानं होत नाही. लागली पैज!"

तेरवीला इवाईच्या अंगणात माणूस मावत नव्हता. अर्धे लोक आमच्या ओळखीचे नव्हते. सून दारात उभी राहून विचारत होती, आपण कोण, कुठले? एक म्हणाला, मी टोंगळाभरवाला. दुसरा म्हणाला, आम्ही दोघं घोटाभर, बसवरचे. ती पदर डोळ्याला लावून हसत होती, रडत होती आणि पुढच्याला तेच विचारत होती. राजे-महाराजे जात असतील, त्यांच्या मागे असं नाव लावून कोणी येत असेल का, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचीनं दुकान उघडलं. मी थर्मास भरला आणि गेलो. इवाईची खुर्ची तिनं हलवली नव्हती, माझी त्यांच्या समोर होती. बस आली. एक माणूस उतरला, फळ्यासमोर उभा राहिला, त्याचे ओठ हलले आणि तो ढाब्याकडे वळला. प्राची आत मशीनशी होती, तिला दिसलं नाही. मी एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"काऊन जी," मी म्हणालो, "बांधीत पानी किती पायजे?"

तो थांबला. मी त्याला समजावून सांगितलं, अगदी इवाईसारखं हात गुडघ्यापाशी नेऊन. त्यानं टोंगळाभर मागितली. ती देता देता प्राची माझ्याकडे वळली. थर्मासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आबा, तुमाले?"

"कोरी."

"कडू राहते, आबा."

"माहीत हाये. दे."

कडूच होती. घोट घोट घेत सगळी संपवली, पण तोंड वाकडं केलं नाही. समोर इवाईची खुर्ची होती.