फुली मारलेल्या बॅटऱ्या

हाफिजभाईंचं बॅटरीचं दुकान आन माजी चहाची टपरी, मधी फकस्त एक पत्रा. मलकापूरला, हायवेच्या सर्व्हिस रोडवर. अठ्ठावीस वर्सं त्या पत्र्याला पाठ लावून मी चहा उकळला, तवा त्या माणसाबद्दल बोलायचा हक्क माजा हाय. गावात लोक काय बी बोलत्यात. म्हातारा येडा झाला, बायकोचं मढं अर्धा दिवस अडवून बसला, आसं. बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? पर त्या खोलीत मी व्हते, ते न्हवते. म्हणून मीच सांगते.

हाफिजभाई मूळचे रहिमतपूरचे. तरणे असताना कराडला एका गॅरेजात काम शिकले आन मग हितं सोताचं दुकान टाकलं. अ‍ॅसिडनं शर्टाला भोकं, नखं पिवळी पडल्याली, बोलणं कमी. कामाची तऱ्हा एकच. बॅटरी आली की बुचं काढायची, काचेच्या नळीनं आतलं पाणी वडून उजेडाला धरायचं, आन सांगायचं, "हाय" न्हाईतर "गेली". गेली म्हणलं की वर खडूनं फुली. फुलीवर वाद न्हाई. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यापास्नं शिटं भरणाऱ्या वडापच्या जीपवाल्यापर्यंत कुणी ती बॅटरी दुसऱ्याला दाखवायला न्यायचं न्हाई. दर गुरुवारी भंगारवाला यायचा आन फुलीवाल्या सगळ्या टेंपोत भरून सांगलीकडं घेऊन जायचा.

त्यांची बायको हुसेनबी माजी मैतरीण. दुपारचा डबा घेऊन यायची ती माज्याच बाकड्यावर बसायची, आन आमी दोघी मिळून हाफिजभाईंची टर उडवायचो. ती म्हणायची, मला बघायला आले तवा बी ह्यांनी उजेडाकडं तोंड करायला लावलं आन नुसतं "हाय" म्हणले, झालं लगीन. हाफिजभाई पत्र्याआडनं ऐकत आसणार, पर त्यांचं बुचं काढायचं काम चालूच.

दोन वर्सांमागं त्यांचा जावई तारिक माधवनगरहून आला, त्यो स्मार्ट चार्जर घेऊनच. जेवणाच्या डब्यायेवढं यंत्र, वर आकडे दावणारी काच. जुन्या बॅटरीच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, त्यो ह्यो बारीक बारीक झटके देऊन सोडवतो, म्हणला, मेलेली बी उठती. हाफिजभाईंनी हसत फुलीवालीच एक पुढं केली. यंत्रानं तिला वळखलंच न्हाई. काचेवर नुसत्या रेघा. बघ, मी सांगतो त्येच सांगतंय की, हाफिजभाई म्हणले. तारिक म्हणला, मामा, पार उतरलेली ह्याला दिसत न्हाई. हिच्या शेजारी एक जिती बॅटरी जोडा, वीस मिनिटं. जितीच्या जोरावर हिचा आकडा चढंल, मग यंत्र हिला धरंल, मग जिती काढून घ्या. तसं केलं आन यंत्रानं धरली. दोन दिवस टिकटिक चालली. तिसऱ्या दिवशी त्याच बॅटरीवर उसवाल्या कृष्णातचा ट्रॅक्टर एका दमात सुरू झाला.

लोकास्नी मजा वाटली. हाफिजभाई मातर खाली बसले ते बसलेच, म्होरं ठिवलेला चहा गार झाला. मग त्यानी फुलीवाली दुसरी लावली, तिसरी लावली. दुकानात अकरा व्हत्या, त्यातल्या पाच उठल्या.

त्या सांजला मला म्हणले, "अंबूबाई, चाळीस वर्सं मी जित्यावर फुली मारत आलो."

मी म्हणलं, आवं बॅटऱ्या हायत त्या, माणसं न्हवं.

तवापास्नं भंगारवाला रिकाम्या टेंपोनं परत जायला लागला. "गेली" ह्यो शबुद त्यांच्या तोंडातनं बंद झाला. गिऱ्हाइकाला म्हणायचे, ठिवून जा, बघू. बॅटऱ्या साचत गेल्या, भिंतीला, दारात, पार माज्या पत्र्यापतुर. कवा बी डोकवावं तर दोन-दोन एकमेकींला तारंनं बांधलेल्या, एक फुलीची, एक बिनफुलीची. दिवस मावळला, गिऱ्हाईक सरलं की पलीकडनं टिक, टिक यायचं आन मधीच हाफिजभाईंचा आवाज, अगदी हळू, "हाय का?" कुणाला इच्यारत व्हते? दुकानात दुसरं कुत्रं बी नसायचं. मी चिडून पत्र्यावर सांडशी आपटायची आन वराडायची, दुकानाचं मसणवट केलंय तुमी. तिकडनं टिक, टिक चालूच. एकदा त्यानी मला बोलवून एक बॅटरी दावली. तिला तार न्हाई, यंत्र न्हाई, काय बी जोडलेलं न्हवतं. काल सांजला मीटर लावला तवा आकडा खाली व्हता आन आज वर. सोडून दिली की कवा कवा आपसूक चढती, म्हणले. लय शांत आवाजात म्हणले. मी त्या दिवसापास्नं पत्र्याला पाठ लावायची सोडली, आन टपरी बी लवकर झाकायला लागले. भ्या वाटायचं, खोटं कशाला सांगू?

हुसेनबीचं हसणं बी आटलं. म्हणली, दुपारची जरा आडवी झाले की हे नाकाशी बोट धरून बसत्यात. जाग आली की डोळ्याम्होरं ते पिवळं नख. मी म्हणलं, चाव की मग बोटाला. ती म्हणली, चावलं तर खूश हुतील गं, जिती हाय म्हणून. आन डबा उचलून उठली.

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी, सकाळी नवाच्या सुमाराला, हुसेनबी घरात तांदूळ निवडता निवडता कलंडली. मला निरोप आला तशी चुलीवरचं पातेलं तसंच टाकून मी पळाले. डॉक्टर माज्या आधी आला व्हता. त्यानं नळी लावली, डोळे उघडून बघितले आन मान हलवली. हाफिजभाई म्हणले, परत बघा. त्यानं परत बघितलं. आणखी एकदा बघा, म्हणले. बिचाऱ्यानं दवाखान्यातनं यंत्र मागवलं, छातीला वायरी लावल्या आन कागदाची पट्टी काढून हातात दिली. पट्टीवर सरळ रेघ. हाफिजभाईंनी ती उजेडाला धरली.

"रेघा मी लय बघितल्यात, डॉक्टर," ते म्हणले.

त्यांच्यात मयताला उशीर करत न्हाईत. दुपारच्या नमाजानंतर न्यायचं ठरलं, पोरं कबर खणायला गेली, आंघोळ घालणाऱ्या बायका आल्या. आन हाफिजभाई हुसेनबीच्या उशाला बसून म्हणले, हिला कुणी हालवायचं न्हाई. लेक नौशीन, तारिकची बायको, माधवनगरहून आली, पाया पडली. मौलाना दाराशी बसून लय मायेनं बोलले. हाफिजभाईंनी सगळं ऐकून घेतलं आन जागचे उठले न्हाईत. दुपारची नमाज झाली, माणसं रस्त्यावर उन्हात ताटकळली. मला रडू बी येत व्हतं आन त्यांचा राग बी येत व्हता. माज्या मैतरणीचा तमाशा चाललाय आसं वाटायचं.

मग एक गोष्ट माज्या ध्यानात आली. सकाळपास्नं त्यानी तिला हात लावला न्हवता. हातभर अंतर राखून बसले व्हते. नौशीननं मला सांगितलं, आमच्यात बायको गेली की नवऱ्याचं नातं तितंच सुटतं, तोंड बघता येतं, पर शिवायचं न्हाई. म्हंजे हात लावायचा तर ती जिती हाय म्हणूनच लावायला पायजे. तेवढी खात्री त्यांची बी न्हवती. तिला हाय म्हणवंना, गेली म्हणवंना, आसे ते मधी अडकून बसलेले.

तवर त्यानी माज्याकडं बघितलं.

"अंबूबाई, तू हिचा हात धर. वीस मिनिटं."

खोलीतली एक म्हातारी पुटपुटली, पर नौशीननं तिला हातानं थांबवलं. मी हुसेनबीजवळ बसले आन तिचा हात माज्या हातात घेतला. गार व्हता. बोटांना तांदळाची पांढरी भुकटी तशीच. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसले. पाच मिनिटं झाली, धा झाली. तिचा गारठा माज्या मनगटात शिरला, कोपरापतुर चढला, बाहेर आसलं ऊन आन मला हुडहुडी भरली. मग हळूहळू तिचा तळवा कोमट लागायला लागला. आन त्यात कायतरी हाललं. एक ठोका. थांबून आणखी एक. देवाशपथ सांगते, मला लागला. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. ओठ तसेच, पापणी तशीच, आन तळव्यात ठोका पडतूया.

हाफिजभाईंनी माजं तोंड वाचलं.

"हाय का?"

नौशीन ताडकन उठली. बाहेर कुणीतरी म्हणलं, कबरीकडं माणूस धाडा, थांबा म्हणावं. हाफिजभाईंनी हात पुढं केला, पार हुसेनबीच्या मनगटापतुर आणला. मी नुसतं "व्हय" म्हणलं आसतं तर त्यानी धरला आसता. मला म्हणायचं व्हतं, लय म्हणायचं व्हतं. मग मी माजा दुसरा हात माज्याच छातीवर ठिवला. तितं बी त्योच ठोका, त्याच चालीनं.

"हाफिजभाई," मी म्हणलं, "ऊब माजी हाय. ठोका बी माजाच हाय."

त्यांचा हात तितंच राहिला, तिच्यापास्नं बोटभर लांब. मग त्यानी त्यो मागं घेतला आन सोताच्या गुडघ्यावर ठिवला. आंघोळ घालणाऱ्या बायकांकडं बघून म्हणले, पाणी ठिवा. बायका उठल्या.

मग माज्याकडं न बघता म्हणले, "पाणी तापूस्तवर तू सोडू नगंस."

मी सोडला न्हाई. पाणी तापलं, हाफिजभाई उठून बाहेर माणसांत गेले, बायकांनी पडदा लावला. मी हात काढायला गेले तर माजी बोटं माज्यानं उघडंनात. शेवटाला नौशीननं ती एकेक करून सोडवली.