चेअरमन साहेबांचं भाषण आणि दोन नख्यांची पट्टी

हॉस्टेलचा टँकर साडेअकराला येणार होता. चेअरमन साहेब बारापर्यंत बोलून परळीच्या मीटिंगला जाणार होते.

पाटोद्याजवळच्या एका सहकारी कारखान्याच्या पॉलिटेक्निकात मी पहिल्या वर्षाला शिकवायचे. दुष्काळाचं साल. टँकर दिवसाआड यायचा. घागरी दिसल्या नाहीत तर ड्रायव्हर सरळ पुढच्या गावाला. आणि प्राचार्यांनी बजावलेलं, "उद्घाटनाचं भाषण संपेपर्यंत कुणी उठायचं नाही."

चेअरमनना उशीर झाला. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तोवर घड्याळाचं प्रात्यक्षिक होऊन जाऊ द्या."

कारखान्याचं जुनं लंबकाचं घड्याळ चेअरमननीच आम्हाला दिलं होतं. त्याच्यावरच मी गिअर, स्प्रिंग, घर्षण शिकवायचे. स्टेजवर दैवशाला आली. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली, वर्गात सगळ्यात तोंडाळ.

"चावी दिली की स्प्रिंगमध्ये जोर साठतो," ती म्हणाली. "लंबकाला ही दोन नख्यांची पट्टी जोडलेली हाय. ती चाकाचा एकेक दात सोडती. टँकरवर सरपंच उभा ऱ्हातो, तसं. हिला एस्केपमेंट म्हणत्यात. आता सरपंचाला बाजूला करू."

तिनं पट्टी उचलली. चाकं भर्रकन फिरली, काटे पळत सुटले. पट्टी परत बसवली तेव्हा घड्याळात बाराला दहा कमी होते. खरे वाजले होते अकरा. तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि सगळे उभे राहिले.

मी दबक्या आवाजात म्हटलं, "काटे मागं घे."

"मॅडम, ठोक्याच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवले की ते बिघडतं. तुमीच शिकवलंय."

शिकवलं होतं खरं. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हार घेऊन चेअरमनना सामोरे गेले.

माईकपाशी येऊन चेअरमननी घड्याळ पाहिलं, मग मनगट.

"माझं लई मागं पडलं की. ह्ये कारखान्याचं घड्याळ हाय, चुकायचं न्हाई." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पुढं करून घेतलं आणि सहकारावर थोडक्यात बोलले. एवढं थोडक्यात की टाळ्या मनापासून पडल्या.

टँकर आला तेव्हा घागरी ओळीत होत्या.

परळीच्या मीटिंगला साहेब जन्मात पहिल्यांदा वेळेआधी पोचले. तिथं अजून सतरंज्या झटकत होते. एक टोक साहेबांनी धरलं, असं त्यांच्या जीपवाल्यानं सांगितलं.

प्रात्यक्षिकानंतर घड्याळ बंद ठेवून खरी वेळ काट्यांपर्यंत येऊ द्यावी, ही पायरी तेव्हापासून मी फळ्यावर लिहू लागले. फक्त पाहुणे यायचे असले की फळा आधीच पुसलेला असायचा.