कांद्यातला हिरवा दिवा

राहुरीजवळच्या आमच्या कांद्यात मी काडेपेटीएवढा कॉम्प्युटर बसवला. माती ओली असली की हिरवा दिवा, सुकली की लाल दिवा लागायचा. लाल दिवा म्हणजे माती तहानलेली, हे आईलाही सांगून ठेवलं. दिवा लाल असला, तर रात्री शेतीची लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हायला हवी होती. पण होईना! कांदा माना टाकतोय आणि दिवा हिरवागार. वायर बदलली, प्रोग्रॅम नव्याने लिहिला, बोर्डही दुसरा आणला. काहीच टाळक्यात शिरेना. शेवटी वैतागून ते यंत्रच उपटायला निघालो, तर आई तांब्या घेऊन आडवी आली.

"उपटू नको रं! लाल झालं की लगीच त्याच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालते मी. लई तहान लागती बिचाऱ्याला."