शनिवारी पूर्वेला

बालाजीरावांच्या तयारीला तोड नव्हती. सारी नोकरी एग्मोरच्या सरकारी कचेरीत काढलेला हा माणूस. गावातल्या गावात, मैलापुरात कुणाच्या लग्नाला जायचं, तरी आदल्या दिवशी बसचा नंबर विचारून यायचा, छत्री दाराशी आणून ठेवायचा, आणि राहूकाळ टाळता टाळता अक्षता हुकवून थेट पंगतीला हजर व्हायचा.

घराणं तंजावरचं. मराठ्यांबरोबर दक्षिणेत आलं ते तिथलंच होऊन गेलं. घरात बोली मराठी, आकडेमोड तमिळमध्ये, आणि शकुन-अपशकुन मात्र दोन्हीकडचे. तमिळ शेजाऱ्यांचा राहूकाळ पाळायचा आणि वाडवडलांचा दिशाशूळही. रोजची अमुक वेळ वाईट, अमुक वारी अमुक दिशा वाईट. इतक्या कुंपणांतून वाट काढून घराबाहेर पडणं सोपं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बालाजीरावांना त्याची फारशी हौसही नव्हती.

हौस होती ती त्यांच्या बायकोला. सकवारबाईंना विमानात बसायचं होतं आणि वरून समुद्र पाहायचा होता. साडी नाही, दागिना नाही, एवढं एकच मागणं. वेलचेरीतल्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घालताना मीनंबाक्कमच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसत. हातातलं काम टाकून त्या बघत राहत.

"आपण मेला समुद्र नेहमी काठावरूनच पाहिला. वरून कसा दिसत असेल हो?"

"पाहू," बालाजीराव म्हणत.

हा 'पाहू' मोठा लबाड शब्द आहे. ऐकणाऱ्याला होकार वाटतो, बोलणाऱ्याला काही करावं लागत नाही. त्या एका शब्दावर बालाजीरावांनी अर्धा संसार रेटला. सरकारी प्रवास-सवलत दर खेपेला वाया गेली. आणि मग एके दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकवारबाईंना काचबिंदू असल्याचं सांगितलं. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी जमेल तितकी सांभाळायची.

तेव्हा मुलगी रम्या पेटून उठली. ती सॉफ्टवेअर कंपनीत होती, बापावर गेली नव्हती. त्या संध्याकाळी घरी आली तीच सांगत.

"अप्पा, तिकिटं काढली. आपली तिघांची. पोर्ट ब्लेअर, शनिवारी सकाळचं विमान."

आनंद दाखवायच्या आधी बालाजीरावांनी पंचांग काढलं. "अय्यो! पोर्ट ब्लेअर पूर्वेला, आणि शनिवारी पूर्वेला शूळ. शनिवारी पूर्वेला कोण जातं गे? बदलून घे."

"स्वस्तातली तिकिटं आहेत, बदलत नाहीत. पायलटला सांगू का, पश्चिमेकडून वळसा घाल म्हणून?"

सकवारबाई हसल्या. बालाजीराव नाही हसले. पण त्यांच्याकडे तोडगा होता, वडिलांनी शिकवलेला. प्रस्थान ठेवायचं. वार वाईट असला तर आधीच्या चांगल्या वेळी आपलं काही सामान जायच्या दिशेच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायचं. मग प्रवास त्या वेळी सुरू झाला असं धरतात. मात्र ठेवलेलं सामान पुन्हा घरात आणायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं.

पूर्वेच्या गल्लीत कचेरीतले जुने सोबती गुरुमूर्ती राहत. शुक्रवारी चांगली वेळ पाहून बालाजीरावांनी लहान पिशवी भरली. एक धोतर, एक साडी, नारळ, आणि वर तिघांची तिकिटं नि मतदार कार्डं.

"कार्डं असू द्यात की हातात," सकवारबाई म्हणाल्या. "धोतर-साडी पुरे झाली."

"अगे, धोतरानं काय होतं? ज्याच्यावाचून जाताच येत नाही, तेच आधी निघालं पाहिजे."

शास्त्र म्हणून पाहिलं तर बिनतोड होतं. गुरुमूर्तींनी पिशवी देवाच्या कपाटात ठेवली आणि सकाळी कॉफी घेऊनच जा म्हणून बजावलं.

शनिवारी उजाडता उजाडता कॉल टॅक्सी गुरुमूर्तींच्या दारात थांबली. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, रात्री तांबरमहून निरोप आला, गुरुमूर्तींची आई पडली, सगळे तसेच धावत गेले. रम्यानं मोबाइलवरून त्यांचा नंबर लावला. घंटा बंद दाराआड वाजू लागली. तिघंही ती ऐकत बाहेर उभी राहिली.

"अप्पा, मागच्या खिडकीची काच फोडू या. नंतर बसवून देऊ."

"दुसऱ्याचं घर ते! भलतंच काय?"

रम्या एकटी विमानतळावर जाऊन हातापाया पडून आली. ओळखपत्राशिवाय तिला दारातूनच आत सोडलं नाही. गुरुमूर्तींचा फोन आला तोवर विमान जाऊन चुकलं होतं. ते बिचारे आईच्या उशाशी बसून माफी मागत होते. त्यांना काय बोलणार? ज्यानं पिशवी भरली तो इथं घरी परतून गॅलरीत मान खाली घालून बसला होता.

वाटेत खायला केलेला लिंबूभात सकवारबाईंनी स्वयंपाकघरात बसून वाढला. "पुढच्या खेपेला," एवढंच म्हणाल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं बालाजीरावांना त्या दिवशीच वाटलं, आणि पुढेही फार वेळा वाटलं.

कारण पुढची खेप लवकर आली नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन निघालं, मग रम्याचं लग्न, मग तिचं बाळंतपण. प्रत्येक कारण खरं होतं, हीच तर पंचाईत. मधल्या काळात सकवारबाई गच्चीवर भिंतीला हात लावून जाऊ लागल्या. विमान आलं की मान वर करत, पण आवाजाच्या दिशेला. विमान तोवर पुढे निघून गेलेलं असे. ते पाहिल्यापासून बालाजीरावांनी त्यांच्याबरोबर गच्चीवर जाणं सोडलं. काच फोडायला हवी होती. एवढी एक काच.

अखेर २००९ साली त्यांनी स्वतः रम्याला फोन केला. "दोन तिकिटं काढ. वार कुठलाही चालेल." पंचांगाला त्यांनी हात लावला नाही. तेव्हा सकवारबाईंना उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळत होता.

विमानात खिडकीची जागा सकवारबाईंची होती. बालाजीरावांनी त्यांचा पट्टा लावून दिला. त्या लगेच म्हणाल्या, "हा सोडा. तुम्ही बसा इकडं. एकानं तरी पाहावं."

"अगे, पण तुझ्यासाठी..."

"बसा म्हणते ना."

जागांची अदलाबदल झाली. विमान वर चढलं, किनारा मागे पडला. बालाजीरावांनी खाली पाहिलं. पाणीच पाणी, लख्ख, ढगाचा ठिपका नाही. मध्येच निळं काळसर होत होतं, मध्येच उजळत होतं, आणि एक जहाज पांढरी रेघ ओढत चाललं होतं. इतकं सुंदर असेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. साधंच असतं तर निभावून गेलं असतं.

"काय दिसतं?" सकवारबाईंनी विचारलं.

"काही नाही," बालाजीराव म्हणाले. "नुसत्या ढगांतनं चाललोय. काहीच दिसत नाही."

"सेरी, बरं," त्या म्हणाल्या.

बालाजीरावांना वाटलं, निभलं. थोड्या वेळानं सकवारबाईंनी हात पुढे केला, त्यांच्या मांडीवरून खिडकीपर्यंत नेला आणि तळवा उपडा धरला. कोवळं ऊन सबंध हातावर पसरलं. तो हात त्यांनी काढला नाही.

"ऊन आहे की हो चांगलं."

बालाजीरावांचे डोळे भरून आले आणि खालचा समुद्र त्यांनाही दिसेनासा झाला.

"रडता कशाला?" सकवारबाई हळूच म्हणाल्या. "डोळे पुसा आणि सांगा. लौकर सांगा, विमान उतरायच्या आत."